दोन पट्ट्या खाली

“किती राहिली?” धाकटीनं हेडफोन कानांवर चढवत विचारलं.

“एकच, ताई. आठवं,” काचेपलीकडून रेकॉर्डिस्ट म्हणाला.

“मग उरका. चारच्या आत मला मोकळं व्हायचंय.”

मोकळं होणं म्हणजे नुसतं घरी जाणं नव्हतं. या गाण्यासरशी कंपनीचा करार संपत होता. करार संपला की थोरल्या बहिणीचं नाव आपल्या नावाशेजारी छापलेलं बघायची वेळ पुन्हा येणार नव्हती. तरुणपणी दोघींनी मोठ्या हौसेनं सह्या केल्या होत्या. दहा अल्बम, आणि प्रत्येक गाण्यात दोघींचे आवाज. नऊ झाले, मग भांडण झालं, आणि दहावा अकरा वर्षं लटकून राहिला. शेवटी कंपनीच्या वकिलानं नोटीस धाडली तेव्हा दोघींनी एकमेकींशी चकार शब्द न बोलता एकच पळवाट शोधली. एकत्र उभं राहून गावं असं करारात कुठंच लिहिलेलं नव्हतं. त्यामुळे थोरली सकाळी येऊन आपल्या ओळी गाऊन जायची आणि धाकटी दुपारी. मधल्या वेळात रेकॉर्डिस्ट जेवून घ्यायचा आणि कुणाचीही बाजू न घेण्याचं बळ गोळा करायचा.

गाणी यथातथाच होती. त्यात कोण कुणाला कशासाठी बोलावतंय हे गाणाऱ्यालाही कळत नव्हतं. पण पाट्याच टाकायच्या, तर शब्द कोण निवडत बसतंय? आठ भरली म्हणजे झालं.

भांडण एका ओळीवरून झालेलं. भरलेलं सभागृह होतं. अंतऱ्याची ओळ धाकटीची होती आणि ती थोरलीनं उचलली. टाळ्या पडल्या. आत आल्याआल्या धाकटी म्हणाली, “माझी ओळ खाल्लीस.” थोरली म्हणाली, “तू थांबलीस.” “मी श्वास घेत होते!” बस, एवढंच. पुढं आईच्या आजारपणातही दोघींनी दवाखान्यात पाळ्या लावल्या. एकीचा आवाज खोलीतून आला की दुसरी जिन्यातच थांबायची. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात, इथं तर सुंभही शाबूत होता.

या अल्बमच्या पहिल्याच गाण्यात धाकटीची पंचाईत झाली. पट्टी जुनीच होती, उंच. वरच्या सुरावर तिचा आवाज फाटला. पुन्हा घेतलं, पुन्हा फाटला. सतरा वेळा गाऊन झाल्यावर रेकॉर्डिस्टनं इकडचा तुकडा तिकडं जोडून वेळ मारून नेली. घरी जाताना ती बसमध्ये खिडकीकडं तोंड करून बसली. आवाज गेल्याचं दुःख होतंच. पण ते थोरलीला कळावं, तिनं ऐकावं आणि गालातल्या गालात हसावं, हे तिला सोसण्यासारखं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुसरं गाणं दोन पट्ट्या खाली आलं.

“मोठ्या ताईंचा घसा बसलाय,” रेकॉर्डिस्ट कॉम्प्युटरच्या पडद्याकडं बघत म्हणाला.

धाकटीला हायसं वाटलं. खरं सांगायचं तर आनंदच झाला. “वय झालं की तिचं,” ती म्हणाली. “फार मिरवायची वरच्या सुरांवर.” खालच्या पट्टीत ती आरामात गायली. पुढची पाचही गाणी तशीच झाली. थोरलीचा घसा काही सुटेना, आणि धाकटी रोज आल्याआल्या विचारायची, “काय म्हणतोय घसा?” काळजीनं विचारत नव्हती, हे रेकॉर्डिस्टलाही कळत होतं.

आता आठवं.

“एक मिनिट, ताई. सकाळच्या ट्रॅकची सुरुवात कापायची राहिलीय.”

“कापाकापी नंतर. लावा तसंच.”

“पण ताई...”

“अहो, लावा म्हणते ना!”

त्यानं लावलं.

आधी खुर्ची सरकल्याचा आवाज आला. पाण्याचा घोट. मग थोरली गुणगुणायला लागली, गळा तापवायला, स्वतःशीच. जुन्या उंच पट्टीत. आवाज वर गेला, आणखी वर गेला. ज्या सुरावर धाकटीचा सतरा वेळा फाटला होता, तिथं जाऊन निवांत टेकला. त्यावर एक चरा नव्हता.

“हं, झाला गळा मोकळा,” थोरली म्हणत होती. “घ्या आता दोन पट्ट्या खाली.”

“लोकांना वाटेल, तुमचा आवाज उतरला.” हा रेकॉर्डिस्टचा आवाज.

“वाटू दे. पहिल्या गाण्यातला तिचा आवाज ऐकलाय मी. तिला मात्र माझा घसा बसलाय असंच सांगत जा. खरं कळलं तर वरच्या पट्टीतच गायला बघेल आणि गळा फाडून घेईल. हट्टी आहे ती लहानपणापासून.”

वाद्यं सुरू झाली. थोरलीनं आपली ओळ म्हटली आणि धाकटीच्या ओळीसाठी जागा सोडली. ती जागा तशीच पुढं निघून गेली. धाकटीनं तोंड उघडलं नव्हतं.

काचेपलीकडं रेकॉर्डिस्ट मान खाली घालून बसला होता. धाकटीनं हेडफोन काढून स्टँडवर अडकवले. चार वाजायला अजून पाऊण तास होता.

“आज नको,” ती म्हणाली. “उद्या सकाळी घेऊ. ती असेल तेव्हा.”

“पण त्यांचं काम आज सकाळीच संपलं, ताई. परत कशाला बोलावलं म्हणून विचारतील. काय सांगू?”

धाकटी पर्स उचलून दारापर्यंत गेली आणि थांबली. अकरा वर्षांत तिनं हे नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं.

“सांगा, त्या दिवशी मी श्वास घेत नव्हते. ओळ विसरले होते.”