वरच्या खोलीचे निरोप

"आई, तुझा फोन म्हणजे नुसती गोगलगाय आहे गं!" असं पुटपुटत लेक त्याची साफसफाई करायला बसली. जुने फोटो, नको ती अ‍ॅप्स, सगळं पुसलं. फोन पळायला लागला. संध्याकाळी पुन्हा अडकला.

"जागा पुन्हा भरलीय," ती हळूच म्हणाली. "निरोपांनी."

आमच्या घरात कुणी हाका मारत नाही. वरच्या खोलीतून खाली आवाज रेकॉर्ड करून पाठवायचा, ही माझ्या मुलाने लावलेली आळशी सवय. अपघातापासून त्याची खोली बंद आहे. त्याचा फोन माझ्या कपाटात, चक्काचूर झालेला.

निरोप त्याचेच होते. आजचे.

लेकीने एक लावला. "आई, आज मला जेवायला नाही बोलावलंस?"

दुसरा. "आई, बाबा रागावलेत का? कुणीच कसं बोलत नाही माझ्याशी?"

तिचं बोट पुसायच्या खुणेवर गेलं.

"राहू दे," मी म्हणाले. "हळू तर हळू चालेल."

तेवढ्यात आणखी एक निरोप यायला लागला.

ह्यांनी लेकीच्या हातातून फोन घेतला, रेकॉर्डचं बटण दाबलं आणि तोंडाजवळ धरला.

"बाळा," हे म्हणाले, "तू गेलास रे."