शिव्यांची चाळणी

क्रेनला टांगलेल्या तुळईची साखळी सुटत चालली होती आणि नेमका तिच्याखाली वेल्डर किसन पाठमोरा वाकला होता. सगळ्या हेल्मेटांना जोडलेला माइक लोंढे मुकादमांकडेच होता. ते त्यावर तीनदा ओरडले. किसन ढिम्म.

"त्यानं हेल्मेटात फुकटचं ॲड-ऑन टाकलंय!" त्यांच्या शेजारी काम करणारी सकीना किंचाळली. "शिवी असलेलं वाक्यच त्याच्या कानात पोचत नाही. नीट बोला!"

साखळी करकरली. वीस वर्षांत मुकादमांनी साइटवर बिनशिवीचं वाक्य उच्चारलं नव्हतं. जिभेवर आलेलं सगळं त्यांनी गिळलं.

"किसनराव, जरा मागे सरा."

किसन दचकून मागे सरला आणि तुळई त्याच्या पुढ्यातच दाणकन कोसळली.

धुरळा बसल्यावर तो मुकादमांच्या मागे कुणाला तरी शोधू लागला.

"मला हाक कोणी मारली?"