परग्रहावरचा नमुना

सकाळी चित्रकार बाईंनी टेबल पुसले, ब्रश धुऊन ठेवले आणि जुन्या कॉमिक्सच्या गठ्ठ्यांतून हुडकलेल्या तीन विस्मृत परग्रहवाशांची चित्रे संपादकांपुढे मांडली. त्यांच्यातून महानायकांची नवी फळी उभी राहिली, तर चित्रविभाग वाचणार होता. नाहीतर त्याला टाळे लागणार होते.

संपादकांनी नाकाच्या शेंड्यावरचा चष्मा सावरला आणि कानामागची लाल पेन्सिल काढली.

"याला नुसते कानच? तोंड कुठंय?"

"तो सगळ्यांचं ऐकून घेतो, साहेब. तीच त्याची शक्ती."

"ऐकून घेणाऱ्याला कोण विचारतो, बाई? चांगलं मोठं तोंड द्या. आणि हिला चार हात कशाला?"

"एकटी चौघांचं काम करते."

"मग दोन छाटा. तुमचं भागतंच की दोन हातांत! आणि हा तिसरा, हिरवा, जरा उजळ करा, घरातला वाटला पाहिजे."

जेवणाच्या सुट्टीपर्यंत तिघेही परग्रहवासी साहेबांच्या नात्यातले दिसू लागले.

"आता खलनायक आणा. पृथ्वीवर शोधून सापडणार नाही असा!"

बाई साहेबांच्या समोरच बसल्या आणि अधूनमधून मान वर करून चित्र काढत राहिल्या. भलेमोठे तोंड, नावापुरते कान, नाकाच्या शेंड्यावर दोन काचा, कानामागे लाल भाला.

संपादकांनी चित्र दोनदा न्याहाळले. "शाब्बास! असला प्राणी आपल्यात असणंच शक्य नाही. याला एकही दुरुस्ती नको."

 

बाईंनी तो जसाच्या तसा छपाईला धाडला.