वरचा वर्ग

"दहापैकी शून्य!" बाईंनी पेपर रंगारीभाऊंपुढे सरकवला. "सलग तिसऱ्या वर्षी."

रंगारीभाऊंनी मान खाली घातली. चेहरा पाडणं त्यांना आता छान जमायला लागलं होतं.

गिरणीतून निवृत्त झाल्यापासून युनियनच्या ऑफिसातला मार्क्सवादाचा प्राथमिक वर्ग हाच त्यांचा जीव की प्राण होता. रविवारी सकाळी वीस-बावीस माणसं बाकांवर दाटीवाटीने बसत. मजुरी म्हणजे नेमकं काय, यावरून दोन ड्रायव्हर दर वेळी हातघाईवर येत. बाकीचे सहा दिवस रंगारीभाऊंना घरात भिंतींशीच बोलावं लागे. बायको गेली, लेक लांब गेला, शेजारी दार लावून बसलेले.

आणि पास झालं की जिना चढून प्रगत वर्गाला जायचं! वर्ग सुटला की बाई जाडजूड ग्रंथ काखोटीला मारून वर जात. वरून कधी हसण्याबोलण्याचा आवाज म्हणून आला नव्हता. त्या विद्वानांत बसायच्या कल्पनेनेच रंगारीभाऊ धास्तावायचे. त्यापेक्षा नापास झालेलं काय वाईट?

"मालकाचा नफा कुठून येतो, हे आपल्या वर्गातल्या पोस्टमनला कोणी समजावलं? तुम्ही. माझ्यापेक्षा सोपं करून," बाई म्हणाल्या. "अहो, हो-नाहीचे प्रश्न होते. ज्याला काही येत नाही, त्याचीसुद्धा चार-पाच बरोबर येतात. दहाच्या दहा चुकवायला दहाच्या दहा यावी लागतात."

चोरी पकडली गेली होती. रंगारीभाऊंचे कान तापले.

"बाई, खरं सांगतो. मला वर नका पाठवू. इथं माणसं आहेत. वरची ती शांतता मला नाही सोसायची. घरी तेच तर आहे."

बाईंनी चष्मा काढला. तो पुसायला त्यांना बराच वेळ लागला. एरवी वर्ग दणाणून सोडणारा त्यांचा आवाज एकदम लहान झाला.

"पास झालेले प्रमाणपत्र घेतात आणि घरी जातात, भाऊ. वर कोणीच येत नाही. सहा वर्षं मी एकटीच वाचत बसते. तुम्ही आलात तेव्हापासून मात्र खुर्च्या दोन मांडते."