अप्पांचा जुळा

अप्पांचं तेरावं उरकून त्यांची सून वैजयंती जुळा बंद करायला इस्पितळात आली, तेव्हा पडद्यावर अप्पा उशीला टेकून मजेत बसले होते. हल्ली म्हाताऱ्या माणसाच्या आतड्याचं ऑपरेशन आधी संगणकात बनवलेल्या त्याच्या हुबेहूब जुळ्यावर करत. तो सुखरूप उठला, तरच खऱ्या माणसाला हात लावत. अप्पांचा जुळा ठणठणीत उठला होता.

"मग अप्पांचेच आतले टाके कसे सुटले?" वैजयंतीने विचारलं.

"अंगात ताकदच नव्हती, जखम भरणार कशी?" डॉक्टरीणबाई हळूच म्हणाल्या. "तुम्ही सांगितलंत तेच जेवण आम्ही जुळ्याला दिलं. दोन्ही वेळेला दोन-दोन भाकऱ्या."

वैजयंतीने मान खाली घातली. सासूबाई गेल्यापासून अप्पा अर्धी भाकरीसुद्धा कशीबशी संपवायचे. पण सून सासऱ्याला धड खायला घालत नाही, असं परक्यांपुढे कोण म्हणवून घेणार?

"करू ना बंद?"

वैजयंती काही बोलणार, तोच पडद्यातून हाक आली, "सूनबाई, आज भूक लागलीय गं. अजून एक भाकरी वाढ."