पाळीवरची हाक

२००३ साली, गोंदिया जिल्हा वेगळा झाल्यावर चारेक वर्षांनी, एकोडीचे गोमाजी आणि गोदावरीबाई लुनावरून तलावाच्या पाळीने, म्हणजे बांधावरून, लग्नाला निघाले होते. दर पाखरापाशी गोमाजी गाडी थांबवीत.

“लगन आटपलं असन तिकडं!” बाई वैतागल्या. “बगळे पाहून सरले का तुमचे?”

“सारस हाय वं,” म्हणत ते झुडपांआड गेले.

थोड्या वेळाने पाण्याकडून हाक आली. “गोदावरी!”

“येऊन राहिली ना, कायले बोंबलता?” करवादत बाई खाली उतरल्या.

पाठीमागून, लुनाजवळून, गोमाजींनी विचारलं, “अवं, कोनासंग बोलून राहिली?”

लग्न झाल्यापासून त्यांनी बायकोला नावाने हाक मारली नव्हती.

बाई पुन्हा दिसल्या नाहीत. गोमाजी आता थकलेत. रोज पाळीवर उभे राहून ते नावानेच हाक मारतात.

पाण्यातून लगेच ओ येते, “येऊन राहिली ना, कायले बोंबलता?”