पातळ सोलचे बूट

ताईने "वळण" म्हणायच्या आधीच तो वळला.

दोघांच्या मनगटांना बांधलेली कापडी पट्टी ताणली गेली आणि त्या ओढीने तीही वळली. असं आजवर कधी झालं नव्हतं. मैदानाभोवतीच्या ह्या डांबरी रस्त्यावर वळण आलं की ती सांगायची, मग तो वळायचा. धाकट्या भावाची दृष्टी लहानपणीच गेली होती. धावताना त्याचे डोळे म्हणजे ताई.

आज तिला दम लागला होता, म्हणून शब्द उशिरा निघाला. लागला असेल ह्याला अंदाज, असं तिने स्वतःला समजावलं. तसंही तिचं अर्धं लक्ष डाव्या गुडघ्याकडे होतं. तो मेला ठणकत होता. धावणं बंद करा, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं आणि ते तिने पोटातच ठेवलं होतं. ती थांबली की हाही थांबणार. दिवसभर इस्पितळाच्या टेलिफोनवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याची बोलणी खाणाऱ्या माणसाला सकाळचा हा एवढाच वेळ मोकळा मिळायचा. तो आपण कसा काढून घ्यायचा? आज सांगू, आज सांगू म्हणत ती रोज बुटांच्या नाड्या बांधत होती.

आणि त्यात ह्याचे हे नवे बूट. त्याने ते घरी आणले तेव्हा ती शिलाई मशीनवरून उठली, एक बूट हातात घेतला आणि दुमडून पाहिला. त्याची चक्क सुरळी झाली.

"ह्याला बूट म्हणतात? दुकानदाराने सोल ठेवून घेतला आणि वरचं कापड तुझ्या गळ्यात मारलं. असलं मी चिंध्यांतून शिवून दिलं असतं."

"शिव की मग," तो म्हणाला होता. "फक्त सोल ह्याहून जाड नको."

सुरुवातीला कितीतरी दिवस तो त्या बुटांत नुसता चालला. मग थोडं थोडं धावायला लागला. पोटऱ्या इतक्या भरून यायच्या की जिना उतरताना रडकुंडीला यायचा. ताई तेल चोळून द्यायची आणि चोळता चोळता त्याची खरडपट्टीही काढायची. चांगले गुबगुबीत बूट घरात असताना हे खूळ कशाला, ते मात्र त्याने कधी सांगितलं नाही. आली असेल लहर, म्हणून तिनेही नाद सोडला.

पुढचं वळण जवळ आलं. समोर लोखंडी कठडा होता. ह्या वेळी ती मुद्दाम गप्प राहिली. पट्टी मुठीत घट्ट आवळली, चुकलाच तर ओढता यावा म्हणून.

तो वळला. अगदी बेताने वळला आणि वेग तसूभरही कमी झाला नाही.

ताई जागीच थांबली, म्हणून त्यालाही थांबावं लागलं.

"तुला कसं कळलं?"

"आतल्या कडेचा पांढरा पट्टा," तो पाय घासत म्हणाला. "दरवर्षी रंगावर रंग मारून जाड झालाय. जुन्या बुटांत काही कळायचं नाही, गादीवर धावल्यासारखं वाटायचं. आता डाव्या पायाला त्याची कड लागते. ती वळली की मी वळतो."

ताईने खाली वाकून पट्ट्यावरून बोट फिरवलं. कापडाच्या दुमडीइतका उंचवटा होता, त्याहून जास्त नाही. रोज तिच्या डोळ्यांसमोर असायचा. एवढ्याशा आधारावर हा माणूस भरधाव धावत होता.

"आधी का नाही बोललास?"

"पक्कं जमल्याशिवाय तू ऐकलं असतंस?"

"म्हणजे आता माझी गरज संपली." ती उसनं हसत म्हणाली.

तो म्हणाला, "तुझा डावा पाय उशिरा पडतो, ताई. बरेच दिवस ऐकतोय. तू काही आपण होऊन थांबणार नाहीस, माझ्यासाठी फरफटत राहशील. म्हटलं, आता आपणच काहीतरी करावं."

आठवडाभर जे सांगायला तिची जीभ रेटत नव्हती, ते त्याने केव्हाच ऐकून घेतलं होतं. आणि त्यासाठी पोटऱ्यांचे हाल करून घेत, तिची बोलणी खात, तो नव्याने धावायला शिकला होता. तिचे डोळे भरून आले.

त्याने चाचपडत मनगटावरची गाठ सोडली आणि पट्टी तिच्या हातात दिली.

"कोणी आडवं आलं तर?" तिने विचारलं.

"एवढ्या सकाळी आपल्यासारखं वेडं दुसरं कोण येणार? आलंच तर ओरड. आणि हे बघ, सगळे म्हणतात मी झकास धावतो. तुला विचारलं की तू म्हणतेस, बरा धावतोस. आज नीट बसून बघ आणि मग सांग."

ती कडेच्या पायरीवर बसली. त्याने पायाने पट्ट्याची कड शोधली, क्षणभर उभा राहिला आणि निघाला. मान ताठ, हात सैल, पावलांचा आवाज जवळजवळ नाहीच. लांबच्या वळणावर त्याचं अंग हलकेच आत झुकलं आणि वळण संपताच पुन्हा सरळ झालं. ओरडायचं भान ठेवायला हवं होतं, पण ताई श्वास घ्यायचीही विसरली होती.

इतकी वर्षं ती त्याच्या शेजारून धावत आली होती, डोळे सतत रस्त्यावर ठेवून. आपल्या भावाला धावताना तिने आज पहिल्यांदा पाहिलं.